तुम्ही विचारलंत म्हणून: पहिला रेझर कुठला घेऊ?

लग्नाच्या पंगतीत विचारता, बेतीच्या फेरीबोटीत गाठून विचारता: दोन धारांच्या ब्लेडचा पहिलाच रेझर घ्यायचाय, कुठला घेऊ? मी 'केस राठ आहेत का, दाढी रोज करता का' असं सुरू केलं की तुमचं तोंड वाकडं होतं. तुम्हाला नाव हवं. घ्या: म्यूले आर 89 किंवा एडविन जॅगर डीई 89. दोन्हींचं डोकं जवळपास सारखंच, बंद दातांचं, म्हणजे ब्लेडच्या धारेखाली सलग पट्टी असलेलं, सौम्य.

मग लगेच पुढचं: 'सौम्य कशाला? ओपन कोंब, म्हणजे फणीसारख्या उघड्या दातांचा, का नको?' एके काळी मीही हेच म्हणायचो. ब्लेड जितकं उघडं तितकी दाढी सफाचट, बाकी सगळा पोरखेळ.

मग फोंड्याच्या घरी बाबांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, आणि रक्त पातळ ठेवायची गोळी सुरू, म्हणजे जरा कापलं तरी रक्त थांबता थांबेना. चार-पाच दिवसांची पांढरी खुंटं कार्ट्रिज रेझरच्या एकापाठोपाठ बसवलेल्या पात्यांत अडकून बसत, नळाखाली धरूनही निघत नसत. पुढच्या वेळी आर 89 हातात घेतला. डावा गाल त्यांनी सवयीने फुगवला. उजवा तसाच लोंबत राहिला. साबणाने बोटं निसटत होती, कातडी ताणली जाईना. शेवटी ओली तुरटी बोटांना चोळली, तेव्हा पकड आली. रेझरचं डोकं गालाला सपाट टेकवून दांडा हळूहळू खाली आणला. खर्र आवाज झाला तिथे थांबलो. तोच कोन, साधारण 30 अंशांचा. जबड्याखाली पोचल्यावर ते अडखळत म्हणाले, "दामूं नाका रे." मी दाबत नव्हतो, असं मला वाटत होतं. हात सैल सोडला, नुसतं रेझरचं वजन राहू दिलं. रक्ताचा थेंब आला नाही. माझा ओपन कोंब त्या दिवशी हातात असता तर काय झालं असतं, याचा विचार मी करत नाही.

तुमच्या बाबांचा आणि आमच्या दाढीचा काय संबंध, म्हणाल. नवशिक्याचा हात स्वतःच्या गालावरही परक्याच्या गालावर चालल्यासारखाच चालतो. दाब किती पडतोय ते त्याला कळत नाही.

ब्लेडवर वाद घालू नका. कुठलंही दुधारी ब्लेड यात बसतं. वेगवेगळ्या कंपन्यांची एकेक पुडी आणा आणि लावून बघा. फेदर मात्र सुरुवातीला नको, फार धारदार. धातूचं मात्र ऐका. या दोन्हींचं डोकं जस्ताच्या मिश्रधातूचं, वर क्रोमचा मुलामा. आपल्या खाऱ्या, दमट हवेत मुलामा एकदा उडाला की खाली खड्डे पडू लागतात. दाढी झाली की सुटा करून पुसा, पावसाळ्यात मोरीत ठेवू नका. ऐपत असेल तर सरळ स्टेनलेस स्टीलचा सौम्य रेझर घ्या.

आणि हो, रविवारी मी अजूनही ओपन कोंबच वापरतो. चुलतभावाला आर 89 घ्यायला लावला, तर त्याची राठ हनुवटी तीन-तीन हात मारूनही खरखरीतच, वर मान लाल. त्याला आता फेदर लावून बघ म्हटलंय. तेवढ्याने भागलं नाही तर खुशाल ओपन कोंब घेऊ दे, मी आड येणार नाही.