परत येताना चढ आहे

स्पेनमधल्या ओल्वेरा गावाच्या एका मुख्य रस्त्याचं नाव आहे 'काये याना', म्हणजे सपाट गल्ली. पहिल्या सकाळी नावावर विश्वास ठेवून मी त्या गल्लीतून पळत सुटले आणि वरच्या चर्चपर्यंत पोचेस्तोवर गुडघ्यांवर हात टेकून उभी राहिले. पावाची पिशवी घेतलेले एक आजोबा "बुएनास" म्हणत माझ्या शेजारून चालत पुढे गेले. मी सातारची. यवतेश्वरचा घाट चढून कासच्या दिशेने जाणारी आणि तशीच परत उतरणारी हिल हाफ मॅरेथॉन दोनदा पळलेली. थोडा माज होता, तो त्या गल्लीत उतरला.

नोकरीसाठी मी सेव्हिलला असते. फेब्रुवारीतल्या तिथल्या मॅरेथॉनला नाव नोंदवलं होतं आणि काम घरूनच होतं, म्हणून नोव्हेंबरपासून तीन महिने ओल्वेरात एक लहानसं घर भाड्याने घेतलं. कादिस प्रांताच्या डोंगराळ टोकाला, आठेक हजार वस्तीचं हे गाव. चुन्याने रंगवलेली पांढरी घरं, त्यांच्या डोक्यावर चर्च आणि त्याच्याही वर बाराव्या शतकातला मूरांचा, म्हणजे तिथल्या तेव्हाच्या मुस्लिम राज्यकर्त्यांचा, किल्ला. 1327 मध्ये कॅस्टिलचा राजा अकरावा अल्फोन्सो याने तो जिंकून घेतला. पळणाऱ्याच्या दृष्टीने त्या किल्ल्याचा एकच अर्थ: गाव शिखरावर आहे. कुठल्याही दिशेला जा, जाताना उतार आणि दमल्यावर चढ. सेव्हिलची मॅरेथॉन प्रसिद्ध आहे ती सपाट रस्त्यासाठी, आणि मी तयारीला निवडलं होतं हे!

दुसरी अडचण अंधाराची. स्पेनचं घड्याळ मध्य युरोपावर लावलेलं, पण देश बराच पश्चिमेला. त्यामुळे जानेवारीत इथे सूर्य उगवतो साडेआठनंतर. दहाला पुण्याच्या टीमबरोबर मीटिंग, तिकडे तेव्हा दुपारचे अडीच. म्हणजे आठवड्यातलं पळणं अंधारातच.

आधी जवळचे रस्ते शोधले. गावापासून दोनेक किलोमीटरवर रेमेदिओस मातेचं छोटं देऊळ आहे. तिथवर जाऊन येणं हा माझा रोजचा हलका रन झाला. लांब जायचं तर ऑलिव्हच्या बागांमधले मातीचे रस्ते होते. दिसायला फार सुंदर, पण मी गेले ते ऐन तोडणीच्या हंगामात. ट्रॅक्टरला जोडलेला पंजा झाडाचं खोड पकडतो आणि गदागदा हलवतो. खाली पसरलेल्या जाळ्यावर फळं पावसासारखी पडतात. बघत उभं राहावं असं दृश्य, पण ट्रॅक्टर आला की रस्त्याकडेच्या चिखलात उतरायचं. तिथली माती आमच्या काळ्या रानासारखीच चिकट. दहा पावलांत बुटाचं वजन दुप्पट. मग काठीने तळवे खरवडायचे, पुन्हा दहा पावलं. शिवाय कुंपणांवर तिरक्या रेघेने अर्ध्या काळ्या, अर्ध्या पांढऱ्या छोट्या पाट्या दिसायच्या. त्यांचा अर्थ शेजारणीने सांगितला: शिकारीचं राखीव रान. हंगामात रविवारी सकाळी तिथे सशांवर आणि तितरांवर बंदुका चालतात. "तू करड्या जॅकेटमध्ये जातेस, सशासारखी," त्या म्हणाल्या. दुसऱ्याच दिवशी मी पोपटी जॅकेट मागवलं.

या शेजारीणबाई माझ्या वरच्या मजल्यावर राहायच्या, वय सत्तरीच्या पुढे. मी त्यांना सेन्योरा म्हणायचे. त्यांनीच ला वीआचा पत्ता सांगितला.

खरं नाव 'वीआ वेर्दे दे ला सिएरा', डोंगरातला हिरवा मार्ग. हेरेसहून अल्मार्गेनला जाणारी रेल्वे 1920च्या दशकात, प्रिमो दे रिवेराच्या हुकूमशाहीत बांधायला घेतली. बोगदे खणले, पूल बांधले, स्टेशनं उभी केली. मग पैसा आटला, यादवी युद्ध झालं, आणि या मार्गावर एकही गाडी कधी धावली नाही. आता ओल्वेरा ते पुएर्तो सेर्रानो असा 36 किलोमीटरचा हा पट्टा चालणाऱ्यांसाठी आणि सायकलवाल्यांसाठी आहे. त्यात 30 बोगदे आणि 4 मोठे पूल. रेल्वेला खडा चढ झेपत नाही, म्हणून डोंगर फोडून जवळजवळ सपाट केलेली वाट. मला अगदी हेच हवं होतं. 'जवळजवळ' या शब्दाकडे मात्र मी दुर्लक्ष केलं.

पहिला लाँग रन ठरवला साफ्रामागोनपर्यंत. तिथलं जुनं स्टेशन ओल्वेरापासून सुमारे पंधरा किलोमीटर, म्हणजे जाऊन-येऊन तीस. जाताना मी उडत होते. इतका चांगला पेस, म्हणजे किलोमीटरमागे लागणारा वेळ, आयुष्यात कधी लागला नव्हता. आपण सुधारलो, असं वाटलं. मग एका बोगद्यात घड्याळाचा जीपीएस सिग्नल गेला आणि बाहेर आल्यावर त्याने मला किलोमीटरला तीन मिनिटं दहा सेकंद दाखवली. तेवढ्यावर तरी शंका यायला हवी होती.

बोगद्यांत सगळीकडे दिवे नसतात. मी हेडलॅम्प घरी ठेवून आले होते, कारण उजाडल्यावर निघाले होते. एक बोगदा मध्येच वळला आणि मागचा उजेड संपला, पुढचा अजून दिसेना. छतावरून मानेवर पाण्याचा थेंब पडला. मोबाइल काढेपर्यंत समोरून सायकलींचा आवाज आला. मी भिंतीला पाठ लावून "ओला! ओला!" (स्पॅनिशमधला नमस्कार) ओरडत उभी. ओल्या दगडाचा गारवा जॅकेटमधून आत शिरत होता. तीन जण हसत, हात करत गेले.

साफ्रामागोनला पोचल्यावर मात्र सगळं विसरले. समोर चुनखडीचा उभा सुळका आणि त्यावर गिधाडंच गिधाडं. ग्रिफॉन गिधाडांची इथली वसाहत फार मोठी आहे, आणि स्टेशनाच्या इमारतीत त्यांच्यासाठी निरीक्षण केंद्रही आहे. अडीच मीटरच्या आसपास पंखविस्ताराचा पक्षी डोक्यावरून जातो तेव्हा आधी सावली जाणवते. बाबांना व्हिडिओ कॉल लावला. "अगं, आपल्याकडे पण असायची, मेलेलं जनावर पडलं की तासात हजर," ते म्हणाले आणि गप्प झाले. गुरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफेनॅक या वेदनाशामक औषधाने आपली गिधाडं संपत आणली. भारतात जनावरांसाठी ते 2006 मध्ये बंद झालं. स्पेनने 2013 मध्ये त्याला परवानगी दिली, आपल्याकडचं सगळं समोर असताना. हे आठवलं की अजून राग येतो.

परतीला निघाले आणि पाय जड. एक किलोमीटर, दोन किलोमीटर, पेस घसरतच चालला. पाचव्या किलोमीटरला टाळकं ठिकाणावर आलं: येताना सगळा उतार होता. डोळ्यांना न दिसणारा, आगगाडीला चालेलसा, पण पंधरा किलोमीटर अखंड. राजगिऱ्याची चिक्की संपली, पाणी संपलं. शेवटचे चार किलोमीटर चालत आले. आणि ओल्वेराचं स्टेशन गावाच्या खाली आहे, तिथून घरापर्यंतचा चढ वेगळाच.

सेन्योरांनी सगळं ऐकून घेतलं आणि त्यांना एकच गोष्ट खटकली: मी बॅटरी नेली नव्हती. त्यानंतर रोज मी दार ओढलं की वरून हाक यायची, "लिंतेर्ना!" मी कपाळावर बोटाने टकटक करून दिवा दाखवायचा, मगच निघायचं.

डिसेंबरभर ला वीआवर आठ, दहा, पंधराचे रन केले आणि वेळापत्रक उलटं लावलं: घड्याळ न बघता जायचं आणि परतीचा पेस तेवढा मोजायचा. रस्त्यात भेटणारा प्रत्येक जण "आदिओ" म्हणायचा. सुरुवातीला वाटायचं, भेटण्याआधीच निरोप का देतात? इथे जाता जाता नमस्कार तसाच करतात.

जानेवारीच्या शेवटी अख्खे 36 करायचे ठरवले. छापील प्लॅनमध्ये 32च्या वर जाऊ नका असं असतं, पण एवढ्या जवळ येऊन चार किलोमीटर कोण सोडणार? सायकलवाल्यांना ने-आण करणाऱ्या टॅक्सी तिथे मिळतात. मी आधी टॅक्सीने पुएर्तो सेर्रानोला गेले आणि घराकडे पळत आले, म्हणजे मध्येच हातपाय गळाले तरी तोंड घराकडे. टॅक्सीवाल्याने दोनदा विचारलं, "सगळा चढ आहे, माहीत आहे ना?" माहीत होतं. दोन महिने त्याचीच तर फी भरत होते.

वाटेतल्या कोरिपे गावापर्यंत अंधार आणि धुकं. पुलावरून खाली फक्त नदीचा आवाज. तिथून जवळच 'चापार्रो दे ला वेगा' नावाचा प्रचंड जुना ओकवृक्ष आहे. थोडी वाकडी वाट करून त्याच्याखाली उभ्यानेच खजूर खाल्ले. साफ्रामागोनला ऊन आलं, पण गिधाडं अजून कड्यावर बसूनच होती, हवा तापायची वाट बघत. पुढचे पंधरा किलोमीटर मी फक्त बोगदे मोजले आणि मोजणी दोनदा चुकले.

सेव्हिलची मॅरेथॉन तीन आठवड्यांनी झाली. 4 तास 26 मिनिटं. सपाट होती.

त्या छत्तीसच्या दिवशी मात्र स्टेशनपासून गावात चढताना मी पळण्याचं नाटकही केलं नाही. दुपारचा एक वाजत आला होता, पांढऱ्या भिंतींवरून ऊन डोळ्यांत जात होतं. सेन्योरा बाल्कनीत कपडे वाळत घालत होत्या. मला बघून त्या चिमटे हातात धरून हसायला लागल्या आणि कपाळाकडे बोट दाखवलं. दिवा अजून चालूच होता.