कपाळावरच्या आठ्यांचं कारण पापणीत निघालं

माझं वय ५७, अमळनेरला राहते. दोन-तीन वर्षांपासून घरातले म्हणायचे तू सारखी चिडलेली दिसतेस, कपाळावर आडव्या आठ्या पडलेल्या, आणि संध्याकाळ झाली की कपाळ इतकं ठणकायचं की बाम चोळल्याशिवाय झोप नाही. पापण्या अर्ध्यावर आलेल्या, सासूबाई रोज विचारायच्या, "तुले झोप ई ऱ्हायनी का व?"

भाचीच्या लग्नाआधी मुलीने जळगावला एका स्किन क्लिनिकमध्ये नेलं. तिथे पाच मिनिटात कपाळाला बोटॉक्स, म्हणजे स्नायू ढिला करून सुरकुत्या घालवणारं इंजेक्शन सांगितलं, पापणीकडे कुणी बघितलंच नाही. खर्च ऐकून मी तशीच परत आले, आणि बरं झालं आले. कारण पुढे चष्म्याचा नंबर काढायला गेले तेव्हा डोळ्याच्या डॉक्टरांनी माझ्या भुवया अंगठ्याने दाबून धरल्या आणि म्हणाले, ताई आता डोळे उघडा. उघडेचनात! समोरच्या भिंतीवरचं घड्याळ दिसेना, मी घाबरूनच गेले.

मग त्यांनी समजावलं. पापणी उचलणाऱ्या स्नायूची पट्टी वयाने सैल झालीय, वरून कातडीची घडी लोंबतेय, म्हणून तुम्ही दिवसभर कपाळाच्या जोरावर भुवया वर ओढून बघताय, आठ्या आणि डोकेदुखी त्याचीच. कपाळात बोटॉक्स घेतलं असतं तर तोच स्नायू ढिला पडून भुवया खाली आल्या असत्या आणि दिसणं अजून कमी झालं असतं, आणि त्याचा असर तीन-चार महिने तरी राहतो. बोटॉक्स वाईट नाही हो, ते औषध आधी डोळ्यांसाठीच आलं, अमेरिकेत १९८९ साली तिरळेपणा आणि पापण्या आवळण्याच्या आजारासाठी मंजूर झालं, सुरकुत्यांसाठी नंतर २००२ ला. पण आधी पापणी तपासायला पाहिजे ना.

पापण्यांचं ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरांनी छोट्या पट्टीने मोजलं. बाहुलीवर टॉर्चचा ठिपका पडतो तिथपासून वरच्या पापणीच्या कडेपर्यंत ४-५ मिमी अंतर हवं, माझं उजवीकडे १ आणि डावीकडे २. संध्याकाळी जास्त पडते का, एकाचे दोन दिसतात का, हे पण खोदून विचारलं, कारण स्नायू थकण्याचा एक आजार असतो त्यात पण पापणी पडते. डोळ्यात कागदाची पट्टी ठेवून पाणी किती येतं ते बघितलं. फिल्ड टेस्ट, म्हणजे नजर वर-खाली, आजूबाजूला कुठपर्यंत पोचते ते बघायची तपासणी, दोनदा केली, एकदा तशीच आणि एकदा पापणी टेपने वर चिकटवून. मेडिक्लेमवाल्यांनी आधी कॉस्मेटिक म्हणून नाकारलं होतं, याच रिपोर्टवर आणि फोटोंवर नंतर पास झालं, म्हणून हे ऑपरेशनच्या आधीच करून ठेवा, नंतर कुठून आणणार.

रक्त पातळ करायची माझी गोळी हार्टच्या डॉक्टरांना विचारूनच थांबवली. आमच्याकडच्या ४४ डिग्रीत घामाने टाके भिजतील म्हणून डिसेंबर धरला. फक्त पापणीत इंजेक्शन, मी पूर्ण जागी. रक्त थांबवायला भाजतात त्याचा जळल्याचा वास आला तेव्हा पोटात गोळा आला, नर्सताईंनी हात धरून ठेवला. मध्येच टेबलावर उठून बसवलं, समोर बघा, वर बघा, दोन्ही पापण्या सारख्या आहेत का बघायला, आणि उजवीचा एक टाका सोडून परत घातला.

दोन दिवस बर्फाचा शेक, डोळे वांग्यासारखे काळे-निळे. सातव्या दिवशी टाके काढले. थंडीत घरोघरी कपाशीच्या काड्यांवर भरताची वांगी भाजत होते, धुराने डोळे चुरचुरायचे म्हणून मी महिनाभर मागच्या अंगणात गेलेच नाही. झोपेत उजवी पापणी थोडी उघडी राहायची, रात्री मलम घालायचं, ते दोन महिन्यांनी बंद झालं.

आठ्या पुसट झाल्यात, पूर्ण गेल्या नाहीत. बाम मात्र जानेवारीपासून लावला नाही. परवा सासूबाईंच्या पोलक्याला हुक लावायला बसले, सुईत दोरा पहिल्याच फटक्यात गेला, आणि त्या शेजारी बसून नुसत्या माझ्या डोळ्यांकडे बघत होत्या.