तुला किती पडले?

आमच्या शाळेच्या दर्शनी फलकावर तेव्हा एकाच मुलीचा फोटो असायचा. खो-खोची कॅप्टन, नववीत, माझ्याच वर्गातली. फोटोखाली पेपरातलं कात्रण चिकटवलेलं: ‘२.४० मि. संरक्षण व ४ गुण’. कोणी पाहुणे आले की मुख्याध्यापक त्यांना आधी तिथंच थांबवायचे, मग ऑफिसात न्यायचे.

शाळा सोलापूरच्या पूर्व भागात. वर्गात मराठी, मधल्या सुट्टीत तेलुगू, आणि भांडण पेटलं की दोन्ही. बहुतेकांचे वडील यंत्रमागावर, आया घरी विड्या वळतात. मुलीही हात लावतात; पानं कातरून देणं, बंडलं बांधणं. गृहपाठ का झाला नाही असं विचारलं, की उत्तरातून घरातल्या कामाचा अख्खा दिवस कळतो. मी विज्ञान शिकवते.

आरोग्य तपासणीचं पथक आमच्याकडे आलं, त्याच्या दुसऱ्या दिवशी सतरा वर्षांखालील मुलींची शहर पातळीवरची फायनल होती. हे पथक राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं. वजनकाटा, उंचीची पट्टी, डोळ्यांचा तक्ता हे नेहमीचं. या वेळी हिमोग्लोबिन मोजायचं छोटं यंत्रही सोबत होतं. बोट टोचायचं, थेंब पट्टीवर घ्यायचा, थोड्या वेळात आकडा दिसतो. त्यांना बसायला प्रयोगशाळा दिली. टेबलावरच्या परीक्षानळ्या मी एका बाजूला सारल्या आणि मुलींची रांग लावली.

पहिल्या अर्ध्या तासात टोचून घ्यायची भीती संपली आणि भलताच प्रकार सुरू झाला. बोटाला कापूस दाबून बाहेर आलेली मुलगी दारातल्या मुलीला विचारायची, “तुला किती पडले?” “दहा पॉइंट दोन. तुला?” “नऊ.” “मग मी पास की.” एका मुलीला साडेबारा आले, तर ती पहिली आल्यासारखी वर्गात मिरवत गेली. ही मुलगी चाचणीत कायम पस्तिशीच्या आसपास असते, त्यामुळे तिचा आनंद बघून मलाही बरं वाटलं, खोटं कशाला सांगू. पण नर्सबाईंच्या वहीत डोकावले आणि हसू गेलं. बाराच्या वर फार थोड्या होत्या. या वयाच्या मुलींना बारा तरी हवं. अकरा ते बारा म्हणजे सौम्य, आठ ते अकरा मध्यम आणि आठच्या खाली तीव्र रक्तक्षय. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत देशातल्या १५ ते १९ वयाच्या मुलींपैकी ५९ टक्के मुलींना रक्तक्षय निघाला होता. हा आकडा मी प्रशिक्षणात ऐकला होता, वहीत उतरवूनही घेतला होता. तो आपल्याच हजेरीपटातल्या नावांपुढे लिहिला जाताना बघणं वेगळं.

कॅप्टनची पाळी आली तेव्हा ती घाईत होती. खाली मैदानावर सराव चालू होता. “मॅडम, माझं नंतर केलं तर?” म्हणाली. नर्सबाईंनी हात धरून बसवलं.

यंत्रानं ७.१ दाखवलं.

नर्सबाईंनी पट्टी बदलली, दुसऱ्या हाताचं बोट टोचलं. ७.०. त्यांनी डॉक्टर मॅडमना हाक मारली. मॅडमनी तिच्या डोळ्याची खालची पापणी ओढून बघितली, तळहात बघितले, जीभ बाहेर काढायला लावली. मी शेजारीच उभी होते. पापणीच्या आत जिथं लाल दिसायला हवं तिथं फिकट, जवळपास पांढरं. गेलं वर्षभर या मुलीच्या तोंडाकडे बघून मी शिकवत होते. सावळ्या रंगात ते कळत नाही आणि पापणी ओढून कोण बघतं?

“जिना चढताना धाप लागते?”

“पळणाऱ्यांना दम लागतोच की, मॅडम.”

“रात्री झोपताना छातीत धडधडतं?”

ती जरा थांबली. “उशीवर कान ठेवला की ठोके ऐकू येतात. मला वाटलं सगळ्यांनाच येत असतील.”

“माती, खडू, कच्चे तांदूळ असलं काही खावंसं वाटतं का?”

ती नाही म्हणाली. मागून तिचीच मैत्रीण पटकन बोलली, “पेन्सिल खाते ती.” कंपासपेटी उघडायला लावली. आत पाटीवरच्या पेन्सिलींचे तुकडे, लहान भावाच्या डब्यातून आणलेले, काही अर्धे चावलेले. “सगळ्याच खातात की,” ती म्हणाली. यावर रांगेतल्या दोघी-तिघींनी माना खाली घातल्या. लोह कमी पडलं की असल्या वस्तू खाव्याशा वाटतात, हे डॉक्टर मॅडमनी तिथंच सगळ्यांना सांगितलं, न रागावता.

मग त्यांनी बाकीच्यांना बाहेर काढलं आणि पाळीबद्दल विचारलं. पाळी दहा-बारा दिवस चालते, मध्येच थांबून पुन्हा सुरू होते, असं गेले कित्येक महिने चाललं होतं. आईला सांगितलंस का, या प्रश्नावर तिनं माझ्याकडे बघितलं.

“आईला वाटंल पळून पळून होतंय. सांगितलं तर खेळ बंद करंल.”

तिच्या खेळावर सगळ्यांचं इतकं लक्ष होतं की तिच्या तब्येतीकडे कोणाचं गेलं नव्हतं. आणि तिनंही ते जाऊ दिलं नव्हतं, कारण गेलं असतं तर खेळ गेला असता. वर्गातल्या रोडक्या, कोपऱ्यात बसणाऱ्या मुलींना आम्ही येता-जाता विचारतो, जेवलीस का, बरं आहे का. ढाल आणणारीला कोण विचारतंय? त्या जानेवारीत, २०२५ ला, दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला आणि भारताच्या मुलींनी तो प्रियांका इंगळेच्या कप्तानीखाली जिंकला. फायनल आमच्या पोरींनी कोणाच्या तरी काकाच्या मोबाइलवर घोळका करून बघितली होती. तेव्हापासून ही मुलगी सरावाला सगळ्यांच्या आधी हजर. शरीराची गंमत अशी की रक्त हळूहळू कमी होत गेलं तर ते सांभाळून घेतं. हृदय जोरात ठोके मारून कसर भरून काढतं. त्यामुळे ७ वर असलेली मुलगी खांबाला वळसा मारून पळत असते आणि आपण टाळ्या वाजवतो.

डॉक्टर मॅडमनी सिव्हिलची चिठ्ठी लिहिली आणि स्पष्ट सांगितलं, उपचार सुरू होऊन आकडा वर येईपर्यंत मैदान बंद.

पुढचा तास मुख्याध्यापकांच्या केबिनमध्ये गेला. क्रीडाशिक्षक घामानं भिजलेल्या टी-शर्टमध्येच आले. “मॅडम, उद्या फायनल आहे आणि आज हे काय काढलंत?” मी काढलं नाही, यंत्रानं काढलं, असं म्हणाले आणि वाद तापला. त्यांचं म्हणणं होतं की एक दिवस खेळू द्या, परवा मी स्वतः तिला गाडीवर सिव्हिलला नेतो. शहरातून जिंकलो तर पुणे विभागाच्या स्पर्धेला जाता येतं, पुढं दहावीला सवलतीच्या गुणांना त्याचा उपयोग. हा माणूस वाईट नाही. पोरींना केळी स्वतःच्या खिशातून आणतो, सुट्टीच्या दिवशी पहाटे मैदान झाडून घेतो. आणि त्यांनी एक प्रश्न असा टाकला की मी गप्प झाले: “तिला बसवून हरलो, तर ती ते स्वतःच्या अंगावर घेईल. ते कुठल्या यंत्रात मोजणार?”

मुख्याध्यापकांनी चिठ्ठी दोनदा वाचली. मग म्हणाले, “लेखी आलंय. आता मी हिला पळवली आणि काही झालं तर?” काळजीपेक्षा धास्तीनं झालेला निर्णय, पण झाला. तिला बसवायचं, मात्र किटमध्ये, राखीव म्हणून, आणि संरक्षणाच्या तुकड्या कोणत्या क्रमानं पाठवायच्या हे तिनं ठरवायचं. ही शेवटची अट सरांची. ती मला सुचली नसती.

संध्याकाळी मी तिच्या घरी गेले. नेमका पाणी येण्याचा दिवस. आमच्या भागात पाणी चार-पाच दिवसांनी येतं, त्यामुळे त्या तासाभरात कोणाशीही काही बोलणं म्हणजे पिंप भरत असताना त्याच्याभोवती फिरत बोलणं. आई पाइप धरून उभी, सुपात तंबाखू आणि पानं तशीच झाकून ठेवलेली. मी सगळं सांगितल्यावर ती म्हणाली, “पोरगी पळायली, खायली, बक्षिसं आणायली. मग रक्त गेलं कुठं?”

प्रश्न अगदी रास्त होता. रक्त कुठं जातंय हे मी हळू आवाजात सांगितलं. खेळामुळं नाही, हे तीन-चारदा सांगितलं. उपचार झाले की खेळायचंच आहे, हेही. तिचं पहिलं वाक्य, “सासू ऐकंल, आत या.” आत गेल्यावर दुसरं, “माझं पण तसंच होतं, लग्नाआधी.” मग बराच वेळ ती स्वतःबद्दलच बोलत राहिली. सिव्हिलला गेलं की एका दिवसाच्या विड्या बुडणार, विडी कारखान्याच्या ब्रँचला माल कमी जाणार, हा हिशोबही तिनं माझ्यासमोरच मांडला, आणि शेवटी परवाचा दिवस ठरवला.

फायनल दोन गुणांनी गेली. शेवटच्या आक्रमणात आमच्या मुली दमल्या, समोरच्या मुलीची एकेरी साखळी, म्हणजे बसलेल्यांमधून नागमोडी पळणं, कोणाला तोडता आली नाही. कॅप्टन बाकावरून ओरडून ओरडून आवाज बसवून बसली होती. ती रडली. सर माझ्याशी आठवडाभर बोलले नाहीत.

सिव्हिलला केसपेपर, रक्ताचे पुढचे तपास, थायरॉइड, सोनोग्राफी असं सगळं झालं. गाठबिठ काही निघाली नाही. पाळीचं रक्त आटोक्यात आणायच्या गोळ्या आणि लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या. डॉक्टरांनी आईला खाण्याचं सांगताना एकच गोष्ट पुन्हा पुन्हा बजावली: गोळीबरोबर आणि जेवणाबरोबर चहा नको, त्यानं लोह अंगी लागत नाही. लिंबू पिळा. पूर्व भागात सकाळ म्हणजे चहा आणि त्यात बुडवलेला पाव. बऱ्याच मुली तेवढ्यावर शाळेत येतात. आठवीपर्यंत दुपारी खिचडी तरी मिळते. पोषण आहार पहिली ते आठवीलाच आहे. नववीत गेलं की ताट बंद, म्हणजे मुलींची पाळी सुरू होऊन जेव्हा लोह जास्त लागतं, नेमकं तेव्हा. हे कोणी ठरवून केलेलं नसेल. पण मग बदलायला काय हरकत आहे, हे मला कोणी सांगितलेलं नाही.

त्याच आठवड्यात मावशींनी झाडताना प्रयोगशाळेचं कपाट सरकवलं आणि मागं निळ्या गोळ्या सापडल्या, मूठभर. आठवड्याला एक द्यायची लोहाची गोळी. मी समोर उभी राहून गिळायला लावायचे, तरी त्या गालात ठेवून नंतर तिथं टाकल्या होत्या. विचारलं तर सरळ उत्तर आलं: रिकाम्या पोटी मळमळतं. आम्ही शिक्षकांनी वर्गणी काढून गोळीच्या दिवशी शेंगदाणे आणि गूळ द्यायला सुरुवात केली. गोळ्या पोटात जायला लागल्या. दिवाळीपर्यंत नीट चाललं, मग वर्गणी रेंगाळली. आता गूळ येतो, शेंगदाणे कधी येतात कधी नाही.

कॅप्टनचा आकडा दोन-अडीच महिन्यांत १०.४ वर आला. पेन्सिली सुटल्या. डॉक्टरांच्या परवानगीनं हलका सराव सुरू झाला आणि पहिल्याच दिवशी ती मला सांगत आली, “मॅडम, दम लागायचा तो वेगळा होता. आता लागतोय तो वेगळा आहे.”

सरांनी यातून स्वतःचा नियम काढला: हंगाम सुरू होण्याआधी प्रत्येक मुलीनं हिमोग्लोबिनची चिठ्ठी त्यांच्याकडे द्यायची. ऐकायला चांगलं वाटलं. झालं असं की तपासणीच्या दिवशी संघातल्या चार मुली गैरहजर. एकीनं तर मोठ्या बहिणीच्या नावाची चिठ्ठी खाडाखोड करून आणली. आकडा कमी आला की बाकावर बसावं लागतं, एवढंच त्यांना त्या फायनलमधून कळलं होतं. मी सरांना म्हणते की चिठ्ठ्या माझ्याकडे येऊ देत, त्या हंगामाच्या तीन महिने आधी येऊ देत, म्हणजे उपचाराला वेळ मिळेल आणि कोणाचं नाव कापायची वेळच येणार नाही. ते म्हणतात, संघ माझा, जबाबदारी माझी, मला कळलं पाहिजे. दोघांचंही थोडं थोडं बरोबर आहे. शनिवारी शाळा सुटल्यावर पुन्हा बसणार आहोत. या वेळी कॅप्टनलाही बोलावलंय, कारण त्या चौघींनी तिच्याजवळ काय काय सांगितलंय ते तिलाच माहीत आहे.