आबांचा प्लॉट नंबर

मार्च लागला की इथं नेदरलँड्समधल्या आइंडहोव्हनच्या दुकानांत भारतातली द्राक्षं दिसायला लागतात. अर्ध्या किलोचं पनेट म्हणजे छोटा डबा, झाकणावर डच भाषेतली चिठ्ठी. मी एक घरी आणतो, आबांना म्हणजे वडिलांना व्हिडिओ कॉल लावतो आणि पनेट कॅमेऱ्यापुढं धरतो. तासगावजवळच्या आमच्या बागेत बांधावर बसून आबा निकाल देतात. "मणी बरा हाय, पर देठ काळा पडलाय. लई दिवस जहाजात ऱ्हायलाय माल." बरोबर ओळखतात. २०२३ च्या अखेरीस येमेनमधल्या हुथी बंडखोरांनी तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू केले आणि बरीच जहाजं सुएझ सोडून आख्ख्या आफ्रिकेला वळसा घालून येऊ लागली. तिकडचं भांडण आमच्या देठावर उमटतं.

मी नेदरलँड्सला येण्याच्या कितीतरी आधीपासून आमच्या घरात रॉटरडॅम या डच बंदराचं नाव होतं, आणि ते शिवी दिल्यासारखं घेतलं जायचं. कारण २०१० चा हंगाम. युरोपात पोचलेल्या भारतीय द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराईडचे अंश सापडले. बागायतदार त्याला सीसीसी म्हणतात. खरड छाटणीनंतर वेल नुसतीच पळू नये, काडीत घड धरावा म्हणून ते मारायचे. गंमत अशी की निर्यातीआधी आपल्याकडं ज्या रसायनांची तपासणी व्हायची, त्या यादीत हे नावच नव्हतं. अहवाल स्वच्छ आणि कंटेनर बंदरात अडकलेले. आमचा माल नेणाऱ्या निर्यातदारानं महिनाभर फोन उचलला नाही, मग पट्टी धाडली. भाडं, कोल्ड स्टोअरेज, तिकडची तपासणी सगळं कापून उणे! द्राक्षं देऊन वर आम्हीच पैसे देणं लागत होतो. मी तेव्हा सांगलीत इंजिनिअरिंगला होतो. त्या वर्षीची फी आईच्या पाटल्या गहाण ठेवून भरली.

आबांना बंदीचा राग नव्हता. "इख असंल तर त्यांनी तरी का खावं?" असं तेच म्हणायचे. कुणी आधी सांगितलं नाही, ही त्यांची सल. ती अजून गेलेली नाही.

आता मी ज्या छोट्या कंपनीत आहे ती चिप छापणाऱ्या यंत्रांना लागणारे सुटे भाग करते. जवळच फेल्डहोव्हनला एएसएमएल आहे, १९८४ साली फिलिप्सच्या अंगणात सुरू झालेली. सगळ्यात बारीक चिप्ससाठीची ईयूव्ही, म्हणजे अतितीव्र अतिनील प्रकाशावर चालणारी यंत्रं जगात ही एकच कंपनी बनवते. वितळलेल्या कथलाच्या थेंबांवर सेकंदाला सुमारे ५०,००० वेळा लेझर मारायचा, त्यातून १३.५ नॅनोमीटरचा प्रकाश काढायचा आणि जर्मनीच्या झाइसनं केलेल्या आरशांवरून तो फिरवायचा. हे आबांना सांगितलं तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न, "आणि बिघडलं तर दुरुस्तीला कोण येतं?" प्रश्न वाटतो तेवढा साधा नाही. यंत्र विकायचं की नाही यावर जेवढी खल होते, तेवढीच विकून झालेल्या यंत्राची देखभाल करायची की नाही यावरही होते.

ईयूव्ही यंत्र चीनला आजवर गेलेलं नाही, कारण डच सरकारनं परवाना दिला नाही. त्यामागं अमेरिकेचा दबाव होता हे इथं कुणी लपवत नाही. शिवाय त्या प्रकाशाचा उगम अमेरिकेतल्या सॅन डिएगोत घडलेल्या तंत्रज्ञानात आहे, म्हणून वॉशिंग्टनला या व्यवहारात बोलायला जागाही आहे. एवढं होऊनही एएसएमएलच्या २०२४ च्या विक्रीत एक तृतीयांशाहून जास्त वाटा चीनचाच होता, जुन्या पद्धतीच्या यंत्रांचा. म्हणजे ज्याची भीती, तेच मोठं गिऱ्हाईक.

सरकारनं हे कसं तोललं, ते एका पत्रात वाचायला मिळतं. ८ मार्च २०२३ ला तेव्हाच्या व्यापारमंत्री लीस्ये श्राइनमाखर यांनी संसदेला लिहिलं की डीयूव्ही या जुन्या पद्धतीतल्या प्रगत यंत्रांनाही आता परवाना लागेल. कारणं तीन. आपला माल परक्या लष्कराच्या कामी येऊ नये, पुढं जाऊन आपणच दुसऱ्यावर अवलंबून राहू नये आणि नेदरलँड्सची आघाडी टिकावी. चीनचं नाव पत्रात नाही. ते वाचताना मला आमच्याकडच्या भावकीतल्या नोटिसा आठवल्या, कुणाबद्दल आहे ते सगळ्या गावाला माहीत, पण नाव कुठंच नाही. नियम लागू झाला १ सप्टेंबरला, म्हणजे मधे जवळपास सहा महिने मिळाले.

हे मी आबांना कौतुकानं सांगितलं. ते गप्प राहिले, मग म्हणाले, "आमचा कांदा?" आमच्यात कांदा होत नाही, पण सगळ्या शेतकऱ्यांचं दुःख ते आपलंच धरतात. ७ डिसेंबर २०२३ ला अधिसूचना निघाली आणि ८ तारखेपासून कांद्याची निर्यात बंद. शहरातल्या गिऱ्हाइकाला महागाईचा चटका बसू नये हे कारण मला पटतं. एका रात्रीत का, हे पटत नाही.

पण डच लोकांना फार डोक्यावर घेऊ नये. २०२४ उजाडता उजाडता त्यांनी काही यंत्रांचे दिलेले परवाने मागं घेतले. ३० सप्टेंबर २०२५ ला तर थेट १९५२ चा एक कायदा बाहेर काढून नाइमेखनच्या, चिनी मालकीच्या नेक्सपेरिया या चिप कंपनीच्या कारभारावर हात ठेवला. चीननं त्या कंपनीच्या चीनमधल्या कारखान्यातून जाणारा माल रोखला. चिप्स साध्या, स्वस्तातल्या, पण युरोपातले मोटारवाले हवालदिल झाले. १९ नोव्हेंबरला मंत्र्यांनी आदेश स्थगित केला. त्या दीड महिन्यात आमच्या कँटीनमध्ये दुसरा विषय नव्हता.

माझं रोजचं काम बरंचसं कागदांचं आहे. हा भाग शेवटी कुणाच्या हातात जाणार, कशासाठी, मधे कुणाला विकणार नाही ना, याची सही-शिक्क्याची हमी घ्यायची. एकदा आबांना ते समजावत होतो तर ते हसायलाच लागले. "म्हंजे तुमच्यातबी प्लॉट नंबर!" निर्यातीच्या बागेची अपेडा या केंद्राच्या शेतमाल निर्यात संस्थेच्या ग्रेपनेट प्रणालीवर नोंद असते. पेटीवरच्या आकड्यावरून माल कुठल्या बागेतला ते इथं बसून काढता येतं. आबांना स्वतःचा मोबाईल नंबर सांगता येत नाही, प्लॉट नंबर तोंडपाठ आहे.

गेल्या वर्षी म्हणजे २०२५ च्या उन्हाळ्यात त्यांचाच फोन आला. "१२-६१ मिळंना झालंय. दुकानदार म्हणतोय चीननं आडवलंय." १२-६१ सारखी ठिबकमधून द्यायची विद्राव्य खतं आपल्याकडं मोठ्या प्रमाणावर तिकडूनच येतात. तेव्हा भारताकडं निघालेल्या मालाची तपासणीच होत नव्हती, त्यामुळं तो बंदरातून सुटत नव्हता. ऑगस्टमध्ये चीनचे परराष्ट्रमंत्री वांग यी दिल्लीत येऊन गेले आणि गाडी थोडी हलली. मी कागद बघून लोकांचा माल थांबवणारा माणूस, त्या फोनवर काय बोलावं ते मला सुचेना.

आबांनी मात्र धोरण ठरवून टाकलं. ऑक्टोबर छाटणीच्या आधी माल आला तसा त्यांनी दोन हंगामांचं खत एकदम उचललं, सोसायटीचं कर्ज काढून. पोती बेदाणा शेडमध्ये छताला टेकलीत. आई परवा म्हणाली, "तुझ्या बापाला सांग, जाळ्यावर बेदाणा टाकायला जागा न्हाई, आता खतच वाळवा म्हणावं."