डिस्कनेक्टची नोंदवही: खारा वारा, विहिरीचा पंप आणि दीड किलोओहम

मांद्र्याहून दुरुस्तीला आलेला, मध्येच कॉम्प्युटरपासून तुटणारा ६५ टक्के कीबोर्ड (नंबरपॅड नसलेला छोटा) अखेर तुटायचा थांबला. संध्याकाळभर त्यावर टायपिंग केलं, केबल हलवली, केस चारही कोपऱ्यांनी दाबून पाहिली. लॉगमध्ये, म्हणजे कॉम्प्युटर स्वतः ठेवतो त्या नोंदींत, एकही ओळ वाढली नाही. दोष नेमका कुठे होता हे बऱ्याच जणांनी विचारलं, म्हणून या नोंदीत ते सविस्तर. ‘मध्येच कधीतरी तुटतं’ या तक्रारीवर माझा आता विश्वास राहिलेला नाही. तुटायला काहीतरी निमित्त असतंच, फक्त ते कुणी टिपलेलं नसतं.

आधी एक गोष्ट पक्की डोक्यात ठेवा, म्हणजे पुढचं सोपं जातं. कीबोर्ड जोडलेला आहे हे कॉम्प्युटरला कळतं ते एका रेझिस्टरमुळे. यूएसबीत डेटाच्या दोन तारा असतात, डी-प्लस आणि डी-मायनस. फुल-स्पीड साधनात डी-प्लस तारेला १.५ किलोओहमचा पुल-अप (व्होल्टेज वर ओढून धरणारा रेझिस्टर) असतो, जुन्या लो-स्पीड माऊस-कीबोर्डमध्ये तोच डी-मायनसला असतो. कॉम्प्युटरच्या बाजूने दोन्ही तारा १५ किलोओहमने खाली ओढलेल्या असतात. पुल-अपची तार सुटली की व्होल्टेज खाली येतं आणि अडीच मायक्रोसेकंदांत साधन गेलं असं धरलं जातं. अडीच मायक्रोसेकंद! आपल्या डोळ्याला केबल घट्ट बसलेली दिसते, पण आतली पिन एवढ्याशा वेळापुरती जरी उचलली गेली तरी ‘टुंग’ आवाज येतो आणि कीबोर्ड परत नव्याने ओळखला जातो.

म्हणून स्क्रू-ड्रायव्हर हातात घेण्याआधी लॉग उघडतो. माझ्या बेंचवर लिनक्स आहे, त्यात कर्नलचे (लिनक्सच्या गाभ्याचे) मेसेज एका टर्मिनलमध्ये चालू ठेवतो. प्रत्येक वेळी तुटून जोडलं की डिव्हाइस नंबर एकाने वाढतो, त्यामुळे रात्रभर यंत्र चालू ठेवून झोपलो तरी सकाळी नंबर बघून कळतं. विंडोजवाल्यांनी डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्या साधनाच्या प्रॉपर्टीजमधला इव्हेंट्स टॅब बघावा. नुसतं ‘डिस्कनेक्ट’ आलं तर आधी केबल आणि पिना. ‘एरर उणे ७१’ आला तर सिग्नल खराब होतोय. तिथेही केबलवरच संशय. ‘उणे ११०’ म्हणजे साधनाने वेळेत उत्तर दिलं नाही. तिथे मी वीजपुरवठा आणि फर्मवेअर (साधनाच्या आतला प्रोग्रॅम) तपासतो.

मांद्र्याच्या कीबोर्डमध्ये नुसतं डिस्कनेक्ट येत होतं, आणि तेही डावा वरचा कोपरा दाबला की. केस उघडली. यूएसबी-सी पोर्ट वेगळ्या डॉटरबोर्डवर (छोट्या जोड-सर्किटवर), तिथून मुख्य पीसीबीपर्यंत, म्हणजे मोठ्या सर्किट बोर्डापर्यंत, चार तारांची छोटी जेएसटी केबल (दोन्ही टोकांना बारीक प्लास्टिकचे कनेक्टर असलेली). भिंगातून पाहिलं तर कनेक्टरच्या दोन पिनांवर फिकट हिरवी बुरशीसारखी पूड. दर्यापासून जवळचं घर, खिडकीखाली टेबल, सबंध आषाढ उघडी खिडकी. तांब्याला खारट दमट हवा लागली की हेच होतं.

इथे मल्टिमीटरच्या बीपवर विसंबू नका. कंटिन्युइटीचा बीप बऱ्याच मीटरमध्ये काही दहा ओहमांपर्यंतही वाजतो. रेझिस्टन्सवर ठेवा, प्रोब धरा आणि तार हळूच वाकवा. डी-प्लसच्या तारेवर आकडा अर्ध्या ओहमवरून उड्या मारत थेट ओपनपर्यंत जात होता. बाकी तिन्ही तारा स्थिर. दोष हाच.

९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ ब्रशने दोन्ही बाजूचे कनेक्टर धुतले, पूर्ण वाळू दिले आणि केबल नवी घातली. पूड फक्त पुसून तीच केबल परत लावण्याच्या मी विरोधात आहे; क्रिम्पच्या (तार जिथे पिनेत दाबून बसवतात त्या जागेच्या) आत शिरलेला गंज ब्रशला लागत नाही. आणि कृपा करून बिजागरीला मारायचा तेलाचा स्प्रे इथे मारू नका, तेलावर धूळ बसते आणि पुढच्या पावसात काम दुप्पट होतं.

याच कीबोर्डचं दुसरं दुखणं लॉगमुळेच दिसलं. सगळे एलईडी पूर्ण पांढरे केले की बोर्ड रीसेट व्हायचा. हिशोब सोपा आहे: यूएसबी २.० पोर्ट ५०० मिलिअँपिअर देतो, ३.० पोर्ट ९००. पूर्ण पांढऱ्यावर एक आरजीबी एलईडी ५० ते ६० मिलिअँपिअरपर्यंत ओढू शकतो. साठाच्या वर एलईडी असलेल्या बोर्डाने ब्राइटनेसला मर्यादा घातली नाही तर पोर्टाने काय करावं? फर्मवेअरमध्ये कमाल ब्राइटनेस उतरवून ते बोर्डात परत भरलं (फ्लॅश केलं). रोषणाई तेवढीच छान दिसते.

आता डिचोलीचा माऊस, कारण ती केस मला सगळ्यात आवडली. मावशीने फोनवरच सांगितलं, “अरे, पंप लावला की बाण अडकतो बघ.” निम्मं निदान तिनेच केलं होतं. लॅपटॉप घेऊन गेलो, तिचा माऊस जोडला, लॉग चालू ठेवला आणि तिला विहिरीचा पंप लावायला सांगितलं. स्टार्टर पडल्याबरोबर ओळ आली: ‘डिसेबल्ड बाय हब’ (हबने पोर्ट बंद केला), पुढे कंसात ‘ईएमआय’, म्हणजे बाहेरचा विद्युतचुंबकीय गोंगाट, आणि प्रश्नचिन्ह. कर्नल लिहिणाऱ्यांनीच ही शंका ओळीत घालून ठेवली आहे. मोटर सुरू होताना उठणारा विजेचा गोंगाट माऊसच्या तारेत शिरत होता. माऊस स्वस्त हबवर (एका पोर्टाचे अनेक करणाऱ्या डबीवर) होता, तो काढून थेट पोर्टला लावला, केबलवर फेराइट क्लिप (असा गोंगाट अडवणारी चिमटीसारखी क्लिप) बसवली. बराच फरक पडला, पण पूर्ण थांबलं नाही. एक्स्टेन्शन बोर्ड ज्या सॉकेटला होता त्याच्या अर्थिंगच्या भोकात तारच पोचलेली नव्हती. ते काम वायरमनचं, आपण हात घालायचा नाही. त्याने अर्थिंग नीट केल्यानंतर पंप लावून-बंद करून पाहिला, माऊस हलला नाही. मावशीने लगेच चहा टाकला.

वायरलेसवाल्यांसाठी थोडक्यात. फोंड्याच्या मित्राचा २.४ गिगाहर्ट्झचा माऊस बॅकअप चालू असतानाच अडखळायचा. डोंगलच्या (माऊसचा सिग्नल घेणाऱ्या छोट्या यूएसबी तुकड्याच्या) शेजारी यूएसबी ३.० ची बाहेरची डिस्क. ३.० चं सिग्नलिंग त्याच २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यात गोंगाट करतं. इंटेलने २०१२ मध्ये यावर वेगळा पेपरच काढला होता. डोंगल छोट्या यूएसबी २.० एक्स्टेन्शन केबलने माऊसपॅडजवळ आणला, काम झालं. नवीन माऊस घ्यायला निघाला होता तो.

हात थांबल्यावर थोड्या वेळाने तुटणारं साधन मात्र उघडूच नका. तिथे संशय वीज वाचवण्याच्या सेटिंगवर: विंडोजच्या पॉवर ऑप्शन्समध्ये यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड (रिकामं साधन झोपवण्याची सोय) बंद करा, डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्या हबची ‘पॉवर वाचवण्यासाठी बंद करू द्या’ ही खूण काढा. लिनक्सवर पॉवरटॉप या वीज वाचवणाऱ्या प्रोग्रॅमचं ऑटो-ट्यून चालवलं असेल तर आधी तिथेच बघा.

किनारपट्टीवर राहणाऱ्यांना एवढंच सुचवेन: वापरात नसलेला बोर्ड सिलिका जेलच्या पुड्यांसह घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा आणि पुड्या ओल्या झाल्या की बदला. वापरातल्या बोर्डाचं टेबल खिडकीपासून आत घ्या, आणि पावसाळ्याआधी एकदा केस उघडून जेएसटीच्या पिना भिंगातून बघा.

बेंचवर पुढचा आहे तो म्हापशाचा स्प्लिट (दोन तुकड्यांचा) कीबोर्ड, दोन भागांमधल्या टीआरआरएस केबलचा (माइकवाल्या हेडफोनसारख्या चार संपर्कांच्या गोल प्लगची). उजवा अर्धा भाग अधूनमधून मरतो. ज्यांच्याकडे असा बोर्ड आहे त्यांनी यूएसबी चालू असताना ती केबल काढू-घालू नये. प्लग आत सरकताना त्याचे कडे एकमेकांचे संपर्क शॉर्ट करत जातात आणि कंट्रोलर (कीबोर्डची मुख्य चिप) जळू शकतो. चवथीनंतर त्याचे जॅक काढून मोजणार आहे. कुणी ते यूएसबी-सी किंवा दुसऱ्या कनेक्टरवर बदलले असतील तर कुठला भाग वापरला आणि पावसाळ्यात तो टिकला का, ते जरूर कळवा.