तीन सेकंद

बुधवार, रात्र

आज पाचवीच्या वर्गात वर्तमानपत्रात गुंडाळून एक वीट नेली. टेबलावर ठेवली आणि म्हटलं, "हिचा उपयोग कशाकशासाठी होईल? सुचेल ते वहीत लिहा. चूक-बरोबर काही नाही."

पहिली दोन मिनिटं पेनं भराभर चालली. भिंत, घर, पायरी, कुंपण. बाकांमधून फिरताना बघत होते, सगळ्या वह्यांत तेच, जवळपास त्याच क्रमानं. मग पेनं थांबली. कुणी खिडकीबाहेर बघायला लागलं, कुणी शेजारच्याच्या वहीत. "बाई, झालं." एरवी इथंच मी "चला, वाचून दाखवा" म्हटलं असतं. आज ठरवून गप्प राहिले. ती शांतता मला फार जड गेली. फळ्याकडे वळून काहीतरी लिहावं असं सारखं वाटत होतं.

सातव्या-आठव्या मिनिटाला शेवटच्या बाकावरचा एक मुलगा पुन्हा लिहायला लागला. हा कधी हात वर करत नाही. त्यानं लिहिलं होतं, "वीट ओली करून ठेवायची. किती वेळात सुकते त्यावरून आज ऊन किती आहे ते कळेल." मग एकीनं लिहिलं, "फोटो काढताना बुटक्या मैत्रिणीला उभं राहायला." आणखी एकानं, "मुंग्यांसाठी डोंगर." वर्ग जरा हलला. पाठोपाठ आणखी काही पेनं सुरू झाली आणि घंटा झाली. वह्या मिटल्या, गणिताची पुस्तकं बाहेर आली.

विटेचा प्रश्न माझा नाही. जे. पी. गिलफर्ड या मानसशास्त्रज्ञाच्या कामातून तो जगभर पसरला. 1950 मध्ये अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनच्या अध्यक्षपदावरून बोलताना त्यानं सांगितलं होतं, की आधीच्या 23 वर्षांत मानसशास्त्रात नोंदल्या गेलेल्या सुमारे 1,21,000 लेखनांपैकी सर्जनशीलतेबद्दलची फक्त 186 होती. पुढं 1957 मध्ये त्यानं आणि दोन सहकाऱ्यांनी दाखवलं, की अशा प्रश्नांना सुरुवातीला येणारी उत्तरं चारचौघांसारखी असतात आणि वेगळी उत्तरं उशिरा येतात. आधी सगळ्यांचं ओतून रिकामं व्हावं लागतं, तेव्हा आपलं काही हाताला लागतं. आज ते डोळ्यांनी पाहिलं. आणि आमचा तास पस्तीस मिनिटांचा. त्यातली हजेरी, गृहपाठ, पोर्शन वजा केला तर आठवं मिनिट येतंच कुठं?

गुरुवार

शाळा मुलांची कल्पकता मारते असं मीही खूपदा बोलले आहे. पण कोण मारतं, कुठल्या क्षणी, हे विचारायचं मी टाळत आले. गेल्या आठवड्यात स्वतःचे दोन तास फोनवर रेकॉर्ड केले होते, ते आज ऐकले. प्रश्न विचारते आणि लगेच दुसऱ्याकडे वळते, नाहीतर उत्तर मीच देऊन टाकते. मोजलं तर मध्ये जेमतेम एक सेकंद.

मेरी बड रो या अमेरिकन संशोधिकेनं 1970 च्या आसपास असेच वर्गांतले आवाज ऐकून मोजले होते. तिथंही शिक्षक सरासरी एक सेकंदच थांबत होते. तेच थांबणं तीन सेकंदांच्या वर नेलं, तेव्हा उत्तरं लांबली, मुलं एकमेकांचं ऐकायला लागली, स्वतः प्रश्न विचारायला लागली. "मंद" म्हणून बाजूला पडलेली मुलंही बोलायला लागली. त्यासाठी ना नवी इमारत लागली, ना नवं पुस्तक.

एक जुनी गोष्ट मात्र मनातून जात नाही. तीन वर्षांपूर्वी "पावसाचा दिवस" या निबंधात एका मुलीनं लिहिलं होतं, "पाऊस यायच्या आधी वर्गात सगळे हळू बोलतात." मी त्या ओळीखाली लाल रेघ मारली आणि शेरा दिला, "विषयाला धरून लिही." दहापैकी पाच. पुढचा निबंध तिनं गाइडमधून उतरवला, सुवाच्य, मुद्देसूद. मी तिला आठ दिले आणि वर्गात शाबासकीही दिली. तिच्यापासून तिची ओळ मी काढून घेतली आणि बदल्यात तीन गुण दिले. हे लिहितानाही हात जड होतो.

रूथ बटलर या संशोधिकेनं 1988 मध्ये पाचवी-सहावीच्या मुलांवर केलेला अभ्यास मी तेव्हा वाचला असता तर! काहींना नुसते गुण, काहींना नुसता कामाबद्दलचा शेरा, काहींना दोन्ही. नुसता शेरा मिळालेल्यांचं काम सुधारलं आणि गोडीही टिकली. दोन्ही मिळालेल्यांना शेऱ्याचा फायदा झाला नाही. आकडा दिसला की मूल पुढचं वाचतच नाही. ते मला रोज दिसतं: वही उघडतात, कोपरा बघतात, मिटतात.

शुक्रवार

मधल्या सुट्टीत गणिताच्या सरांशी वाद झाला. ते म्हणाले, "पाढे येत नसतील तर पोरं आकड्यांशी खेळणार कशाच्या जोरावर?" मला उत्तर सुचलं नाही, कारण ते बरोबर बोलत होते. विटेबद्दल ऊन-सुकणं लिहिणाऱ्या मुलाला बाष्पीभवन कुणीतरी शिकवलंच होतं. वर्गातल्याच शिकवण्यातून ते आलं.

अनेक देशांतल्या मुलांची एकाच वेळी घेतली जाणारी पिसा ही चाचणी, तिच्यात 2022 मध्ये 15 वर्षांच्या मुलांची सर्जनशील विचारक्षमता पहिल्यांदा तपासली गेली. 60 पैकी 41 गुण मिळवून सिंगापूर सगळ्यात वर राहिलं. ही चाचणी घेणारी ओईसीडी ही बहुतेक श्रीमंत देशांची संघटना, तिच्यातल्या देशांची सरासरी 33. कडक परीक्षांसाठी ओळखला जाणारा हा देश. शिस्त आणि पाठांतर काढून टाकलं की कल्पकता आपोआप फुलेल, हे माझं आवडतं म्हणणं त्यानंतर मला सोडावं लागलं. त्याच देशानं 2019 पासून पहिली-दुसरीच्या गुण धरायच्या परीक्षा मात्र बंद केल्या. त्याचा या निकालाशी संबंध जोडता येत नाही, चाचणी देणारी मुलं तोवर मोठी झाली होती. पण परीक्षेत मुरलेल्या व्यवस्थेलासुद्धा लहान मुलांच्या डोक्यावरचा आकडा उतरवावासा वाटला, याचा मला मोठा आधार वाटतो.

म्हणून माझं मागणं आता आधीपेक्षा लहान आहे आणि मी ते सोडणार नाही. अभ्यासक्रम थोडा छाटा, म्हणजे शिकवलेल्याशी खेळायला वेळ उरेल. आठवड्यातून एकदा दोन तास जोडून द्या. पहिल्या खर्ड्याला गुण नकोत, कुणाच्याच, कधीच. आणि शिक्षक घडवताना फळ्यावर कसं लिहायचं याच्याबरोबर गप्प कसं राहायचं हेही शिकवा. मला ते शिकायला सोळा वर्षं लागली.

मुख्याध्यापिकाबाईंना विचारलं. जोडतासाला "वेळापत्रक बघून सांगते" म्हणाल्या. वह्यांत गुण नसले तर पालक विचारतील, हीच त्यांची मोठी काळजी. पालकसभेत मी स्वतः बोलेन असं सांगून आले.

आता विटेच्या वह्या काढून बसले आहे. लाल पेन नाही, पेन्सिल. शेवटच्या बाकावरच्या मुलाच्या वहीत लिहिलं, "सावलीत ठेवली आणि वारा असला तर?" फोटोवालीच्या वहीत, "उंच मैत्रिणीला बुटकं कसं करशील?" "भिंत, घर, पायरी" एवढ्यावर थांबलेल्या वह्यांत काय लिहावं ते पटकन सुचत नाही, त्यामुळं त्यांनाच जास्त वेळ लागतोय. सहा झाल्या. अजून बत्तीस आहेत.