मोडीला किती येईल?

२०२४ च्या दिवाळीला आठवडा उरला असताना भाची आमच्या इंदूरच्या रामबागेतल्या घरी आली आणि आजीबरोबर, म्हणजे माझ्या आईबरोबर, करंज्या भरता भरता तिने नवा आयफोन घेण्याचा बेत जाहीर केला. किंमत ऐकूनही आईचा हात थांबला नाही. करंजीची कड दाबत तिने एवढेच विचारले, “आणि मोडीला किती येईल?”

आईचे हिशेबाचे शिक्षण इंदूरच्या सराफ्यात झाले आहे. दिवसा तिथे सोने विकले जाते आणि रात्री त्याच दुकानांपुढे भुट्ट्याचा कीस व गराडू (तळलेला कंद) विकले जातात; आईला त्यातला दिवसाचा सराफा पाठ आहे. कोणतीही महाग वस्तू तिच्या लेखी दागिना असते आणि दागिना घेताना धातू किती, घडणावळ किती आणि मोडताना घट किती धरणार, हे विचारायचे असते. भाची हसली. मी मात्र कागद-पेन्सिल घेऊन बसलो, कारण महाग फोनांची किंमत रास्त आहे की नाही यावर इतकी वर्षे वाद ऐकूनही इतका नेमका प्रश्न कोणी विचारल्याचे मला आठवत नव्हते.

भाचीच्या हातातला आयफोन १२ हा २०२० च्या दिवाळीत ७९,९०० रुपयांना घेतलेला होता. त्यानंतरचे १३, १४, १५ आणि १६ हे सारे साधे आयफोनही भारतात ७९,९०० रुपयांनाच बाजारात आले. त्याच चार वर्षांत दहा ग्रॅम सोने पन्नास हजारांच्या आसपासून ऐंशी हजारांच्या घरात गेले, म्हणजे सराफ्याच्या मापाने पाहिले तर फोन स्वस्तच झाला म्हणायचा. या ७९,९०० रुपयांत १८ टक्के जीएसटी आहे. तो वजा केला की ६७,७१२ रुपये उरतात. अमेरिकेत आयफोन १६ ची विक्रीकर सोडून किंमत तेव्हा ७९९ डॉलर होती, आणि डॉलरला तेव्हाचे ८४ रुपये धरले तर तेही ६७ हजारांच्या थोडे वरच जातात. आपल्याकडे आयफोन महाग, ही तक्रार मीही आजवर मान डोलावून ऐकत आलो होतो. साध्या मॉडेलपुरती ती तक्रार जवळजवळ सगळी कराचीच निघाली.

वरच्या, प्रो मॉडेलची गोष्ट निराळी आहे. २०२३ चे प्रो १,३४,९०० ला आले होते आणि पुढल्या वर्षीचे नवे प्रो १,१९,९०० ला आले खरे, परंतु त्यातूनही कर काढून टाकला तर एक लाख सोळाशे रुपये राहतात आणि अमेरिकेतले ९९९ डॉलर म्हणजे चौऱ्याऐंशी हजारही भरत नाहीत. वरचे सतरा-अठरा हजार कशाचे, हे मला कागदावर सापडले नाही. साठवण वाढवायची म्हटली तर १२८ जीबीवरून २५६ वर जायला दहा हजार आणि ५१२ वर जायला तीस हजार रुपये जास्त पडत होते, तर १२८ जीबीचे मेमरी कार्ड इंदूरच्याच जेल रोडवर हजार-बाराशेत मिळत होते. फोनमधली साठवण त्या कार्डापेक्षा कितीतरी वेगवान असते हे मान्य करूनही, ही घडणावळ कोणत्याही सोनाराला लाजवील अशी आहे.

आईच्या प्रश्नाचे उत्तर मिळवण्यासाठी दुसऱ्या दिवशी संध्याकाळी भाचीला घेऊन मी जेल रोडवर गेलो. तिथल्या जुन्या फोनांच्या दुकानातला मुलगा विशीचाही नसेल, पण त्याने फोन हातात घेतला तो थेट कसोटीवर सोने घासणाऱ्या सराफासारखा. आधी काचेवरून अंगठ्याचे बोट फिरवले, मग फोन दिव्याखाली तिरपा धरून ओरखडे पाहिले, पांढरे पान उघडून पडद्यावर पिवळी झाक आहे का ते बघितले, चारही कोपरे नखाने वाजवले आणि शेवटी सेटिंगमध्ये जाऊन मान हलवली. “बॅटरी उन्नासी पे आ गई है, दीदी. अठारा दूँगा.”

म्हणजे घट ६१,९०० रुपयांची. चार वर्षांचे दिवस १,४६१. दिवसाला बेचाळीस रुपये पडले. इंदुरी माणसाला ही रक्कम समजायला वेळ लागत नाही, सकाळचे पोहे आणि बरोबर थोडी जिलेबी. माझा फोन सतरा हजारांचा, तीन वर्षे वापरलेला. त्याच मुलाने त्याला न उघडताच अडीच हजार सांगितले. हा हिशेब दिवसाला तेरा रुपयांचा झाला. मधल्या एकोणतीस रुपयांत काय येते, तर भाचीच्या फोनला चार वर्षांनंतरही सुरक्षेचे अपडेट येत होते आणि माझ्या फोनचे केव्हाच थांबले होते. पैशांचे व्यवहार ज्या फोनवरून करायचे त्याच्या बाबतीत ही काही किरकोळ गोष्ट नाही. अलीकडे सॅमसंग आणि गूगल हेही आपल्या महाग फोनांना सात वर्षे अपडेट देण्याचे वचन देतात. अर्थात ती सात वर्षे वापरणाऱ्याने वापरली तर. तिसऱ्या वर्षी फोन बदलणाऱ्याने उरलेल्या चार वर्षांचेही पैसे भरलेलेच असतात.

घरी आल्यावर आईला घटीचा आकडा सांगितला. तिने तो ऐकून घेतला आणि नातीला विचारले, “पण याला झालंय काय?” बॅटरी टिकत नाही, असे उत्तर आले. भाचीने आजीला समजावून सांगितले की कंपनीच या जुन्या फोनांची बॅटरी पाचशे पूर्ण चार्जिंगनंतर ८० टक्क्यांवर येईल असे धरते, नव्या फोनांत तो आकडा हजारावर गेला आहे आणि नवी बॅटरी बसवायला सात-आठ हजार लागतात. आईला यातले शेवटचे वाक्य बरोबर कळले.

“अगं, मंगळसूत्राचा दोरा झिजला म्हणून कुणी मंगळसूत्र मोडतं का? पटव्याकडे देऊन गाठवून घेतात.”

यावर भाचीने थोडा वाद घातला, कॅमेऱ्याचा मुद्दा काढला, बारा हप्त्यांचा विना-व्याज बेत ऐकवला. हप्त्यांच्या बाबतीत मी तिला एवढेच सांगितले की रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच शून्य टक्के व्याज असे काही नसते म्हणून बँकांना बजावले होते. ते व्याज कुठेतरी सवलतीच्या किंवा किमतीच्या पोटात दडलेले असते. पाडव्याच्या आदल्या दिवशी ती अधिकृत सेवाकेंद्रात गेली आणि जुन्या फोनात नवी बॅटरी बसवून आली.

आता फोन दिवसभर टिकतो. तरी परवा रात्री तो भिंतीपाशी चार्जिंगला लावलेला पाहून आईने तिला हटकलेच, “गाठवून आणलास ना? मग अजून दोरीला का बांधलायस?”